प्राण्यांच्या डोळ्यांत अमीबा शिरतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमीबा म्हटलं की आपल्याला आव आठवते, नाहीतर बातम्यांतला 'मेंदू खाणारा अमीबा'. डोळ्याशी त्याचा संबंध बहुतेकांना कॉन्टॅक्ट लेन्स घेताना दुकानदाराकडून किंवा डॉक्टरांकडून कळतो. या पानावरचे प्रश्न मात्र प्राण्यांच्या डोळ्यांबद्दलचे आहेत. यातली बरीच माहिती प्रयोगशाळेतल्या हॅमस्टर, डुकरं आणि उंदरांवरच्या कामातून आली आहे. प्रयोगात मुद्दाम घडवून आणलेली गोष्ट गोठ्यात तशीच घडेल असं नाही, म्हणून जिथे फरक आहे तिथे तो स्पष्ट लिहिला आहे.

हा अमीबा नक्की कोणता?

नावं तीन लक्षात ठेवा: अकँथामीबा, नेग्लेरिया फाउलेरी (बातम्यांतला 'मेंदू खाणारा' तो हाच) आणि बालामुथिया मँड्रिलारिस. डोळ्याच्या बाबतीत नव्वद टक्के बोलणं पहिल्याबद्दलच होतं, खालीही तसंच आहे.

तिघंही मुळात मोकळे राहणारे जीव आहेत. माती, डबकी, नळाचं पाणी, टाकीच्या तळाचा गाळ, धूळ, जिथे ओल आणि बॅक्टेरिया आहेत तिथे अकँथामीबा सापडतो. बॅक्टेरिया खाऊन त्याचं छान चालतं, त्याला प्राण्याची गरजच नसते. प्राण्याच्या अंगात शिरणं हा त्याच्या आयुष्यातला अपघात म्हणायचा. जंतासारखं 'या प्राण्यातून त्या प्राण्यात' असं त्याचं चक्र नाही.

त्याची दोन रूपं असतात. खाणारं, सरपटणारं रूप म्हणजे ट्रोफोझॉइट. त्याच्या अंगावर काट्यांसारखे बारीक फाटे दिसतात. आणि परिस्थिती बिघडली की दुहेरी कवच घालून बसणारं रूप, म्हणजे सिस्ट. ही सिस्ट फार चिवट असते. क्लोरीन ती पचवते, आणि वीस वर्षांहून जास्त काळ कोरडी पडलेली सिस्ट प्रयोगशाळेत पुन्हा जिवंत झाल्याची नोंद आहे.

एका जनावराच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात पसरतो का?

नाही. गोठ्यात एकापाठोपाठ एक जनावरांचे डोळे येत असतील, तर कारण वेगळं आहे. त्याबद्दल खाली म्हशीच्या प्रश्नात लिहिलं आहे.

मग डोळ्यापर्यंत पोहोचायच्या वाटा कोणत्या?

दोन. एक बाहेरून, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून म्हणजे कॉर्नियातून. दुसरी आतून, म्हणजे नाकातून किंवा जखमेतून आधी शरीरात आणि मग मेंदूच्या किंवा रक्ताच्या मार्गाने डोळ्याकडे. या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या नाहीत तर सगळाच गोंधळ होतो, कारण एका वाटेने सुरक्षित असलेला प्राणी दुसऱ्या वाटेने मरू शकतो.

बाहेरून शिरताना नक्की काय होतं?

धडधाकट कॉर्निया अमीबाला फारशी दाद देत नाही. पापणीची उघडझाप, अश्रूंची धार आणि वरच्या थरातल्या पेशींचं सतत गळून पडणं, यांत तो वाहून जातो. ओरखडा पडला की चित्र बदलतं. जखमी कॉर्नियाच्या पेशींवर मॅनोज नावाची साखर लावलेली प्रथिनं जास्त उघडी पडतात, आणि अकँथामीबाच्या पृष्ठभागावर नेमकी हीच साखर पकडणारं एक प्रथिन असतं. त्या पकडीने तो चिकटतो.

पुढची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात विलक्षण वाटते. मॅनोजचा स्पर्श झाला की अमीबा एक प्रथिनपाचक विकर सोडायला लागतो. त्याचं वजन १३३ किलोडाल्टन, म्हणून त्याला एमआयपी-१३३ म्हणतात. म्हणजे ज्या साखरेला धरून तो उभा राहतो, तीच त्याला 'आता खोदायला लाग' असा निरोप देते. हे विकर वरच्या थरातल्या पेशी मारतं आणि त्याखालचं कोलॅजनचं विणकाम विरघळवतं. अमीबा त्या मधल्या जाड थरात, स्ट्रोमात उतरतो.

तिथे गेल्यावर तो कॉर्नियातल्या नसांच्या आजूबाजूला गोळा होतो. माणसांमध्ये या आजारात डोळा दिसतो त्याच्या कितीतरी पट जास्त दुखतो, त्याचं एक कारण हे. पुढे पांढुरक्या कड्यासारखा डाग उमटतो. औषधांचा मारा सुरू झाला की काही अमीबा सिस्ट होऊन स्ट्रोमातच दडी मारतात आणि औषध थांबल्यावर परत उठतात.

सगळ्याच प्राण्यांना हे होतं का?

इथे निसर्गाने बरीच दारं बंद ठेवली आहेत. १९९२ मध्ये अमेरिकेत जेरी नीडरकॉर्न यांच्या गटाने वेगवेगळ्या प्राण्यांचे कॉर्निया काढून त्यांवर अकँथामीबा सोडून पाहिला. माणूस, डुक्कर आणि चायनीज हॅमस्टर या तिघांच्या कॉर्नियाला तो नीट चिकटला आणि आत घुसला. उंदीर, घूस, ससा, गिनीपिग, घोडा, गाय, कुत्रा, कोंबडी यांच्या कॉर्नियाने त्याला दाद दिली नाही.

म्हणून डोळ्याच्या या आजारावरचे प्रयोग डुक्कर आणि चायनीज हॅमस्टर यांवर होतात. सशावर करायचे तर अमीबा थेट कॉर्नियाच्या आत टोचावा लागतो, आणि सोबत स्टेरॉइडही द्यावं लागतं.

याचा अर्थ कुत्र्या-मांजरांना हा आजार कधीच होत नाही असा नाही. मांजरांच्या आणि कुत्र्यांच्या आजारी डोळ्यांतून अकँथामीबा सापडल्याच्या तुरळक नोंदी आहेत. पण सापडणं वेगळं आणि त्यानेच आजार होणं वेगळं. आधीच जखम झालेल्या, घाण पाण्याने धुतलेल्या डोळ्यात अमीबा नुसता पाहुणा म्हणूनही असू शकतो.

प्रयोगात हॅमस्टरच्या डोळ्यात आजार कसा घडवतात?

डायलिसिससाठी वापरतात त्या पातळ पडद्यातून काही मिलिमीटरची गोल चकती कापतात. हीच हॅमस्टरची कॉन्टॅक्ट लेन्स. ती अमीबांच्या द्रवात ठेवली की अमीबा तिच्यावर चिकटून बसतात. मग भूल दिलेल्या प्राण्याच्या कॉर्नियाचा सुमारे पाव भाग कापसाच्या बोळ्याने हलकासा खरवडतात, त्यावर ती चकती ठेवतात आणि पापण्या टाका घालून काही दिवस बंद करतात.

यातलं खरवडणं गाळलं तर आजार होत नाही. नुसती लेन्स पुरत नाही, नुसता अमीबा पुरत नाही, ओरखडा लागतोच. माणसांत लेन्सच्या वापराने पडणारे बारीक, न जाणवणारे ओरखडे हेच काम करतात.

चायनीज हॅमस्टर यातून काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्याच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातल्या मॅक्रोफेज पेशी औषध टोचून आधीच नष्ट केल्या, तर मात्र आजार जास्त तीव्र होतो आणि लांबतो. म्हणजे पहिल्या फळीत लढणारे सैनिक तेच.

कॉर्नियातून पुढे आत, भिंग किंवा दृष्टिपटलापर्यंत जातो का?

क्वचित. अमीबाकडे खोदण्याची अवजारं असूनही तो बहुधा कॉर्नियातच अडतो, याचं कोडं प्रयोगाने बरंचसं सुटलं. हॅमस्टरच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, जिथे पाण्यासारखा द्रव असतो तिथे, अमीबा थेट टोचले. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींनी त्यांच्यावर धाड घालून ते संपवले. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिथे या पेशी उशिरा पोहोचतात. आतल्या कप्प्यात त्या लवकर येतात.

नाकातून मेंदूत जातो हे ऐकलंय. मेंदूतून डोळ्यात येतो का?

या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे, कारण त्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

१९५८ साली इंडियानापोलिसमध्ये क्लाइड कल्बर्टसन पोलिओ लसीच्या सुरक्षिततेची तपासणी करत होते. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींच्या एका कल्चरमध्ये विषाणूसारखे डाग दिसले. ते द्रव टोचलेली माकडं आणि उंदीर मेंदूच्या दाहाने मेले. तपासलं तर विषाणू नव्हता, अकँथामीबा होता. मोकळा राहणारा अमीबा प्राण्याला मारू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा पक्कं कळलं. उंदरांच्या नाकात नुसते थेंब टाकले तरी ते मरत होते. त्या प्रजातीला पुढे त्यांचंच नाव मिळालं, अकँथामीबा कल्बर्टसनी.

आता हे वरच्या उत्तराशी जोडून पाहा. ज्या उंदराच्या कॉर्नियाला अकँथामीबा चिकटतही नाही, तोच उंदीर नाकाच्या वाटेने मरतो. 'उंदराला हा आजार होत नाही' आणि 'उंदीर या अमीबाने मरतो' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. कोणत्या वाटेबद्दल बोलतोय ते आधी विचारा.

नाकातून मेंदूकडे जायची वाट नेग्लेरियाच्या बाबतीत उत्तम अभ्यासली गेली आहे. नाकाच्या वरच्या भागातल्या वास घेणाऱ्या नसा कवटीच्या तळाशी असलेल्या एका सच्छिद्र हाडातून मेंदूत जातात. अमीबा त्या नसांच्या कडेकडेने सरकत त्याच छिद्रांतून वर चढतो आणि मेंदूच्या पुढच्या टोकाशी पोहोचतो. उंदरांमध्ये हे काही दिवसांत घडतं.

आणि मेंदूपासून डोळा फार लांब नाही. दृष्टीची नस ही खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. मेंदूभोवतीची आवरणं आणि त्यांच्यामधला द्रव तिच्याभोवती थेट डोळ्याच्या मागच्या बाजूपर्यंत पसरलेला असतो. मेंदूच्या आवरणांत अमीबा वाढत असेल तर त्याला डोळ्याच्या मागे नेणारी पोकळी तयारच आहे.

मात्र मेंदूच्या आजारात डोळ्याची जी लक्षणं दिसतात, त्यांतली बरीचशी डोळ्यात अमीबा असल्यामुळे नसतात. उजेड सहन न होणं, बुबुळं थरथरणं, डोळा तिरळा होणं, दृष्टीच्या नसेच्या टोकाला सूज येणं, ही सगळी मेंदूतल्या दाबाची आणि दाहाची लक्षणं असू शकतात. अशा जनावराच्या डोळ्याचा नमुना तपासून काही हाती लागत नाही, आणि त्या नादात मेंदूचा आजार नजरेतून सुटतो.

रक्तावाटे पसरतो का?

अकँथामीबा आणि बालामुथिया पसरू शकतात, विशेषतः प्रतिकारशक्ती खालावली असेल तेव्हा. त्वचेवरच्या जखमेतून किंवा फुफ्फुसांतून ते रक्तात येतात आणि मेंदू, मूत्रपिंड अशा अवयवांत गाठी करतात. अकँथामीबाची अशी सर्वांगात पसरलेली लागण कुत्र्यांमध्ये, त्यातही ग्रेहाउंडमध्ये नोंदलेली आहे.

बालामुथियाची ओळखच एका प्राण्यामुळे झाली. १९८६ मध्ये सॅन दिएगोच्या वन्यप्राणी उद्यानात मँड्रिल जातीची एक माकडीण मेंदूच्या दाहाने मेली. तिच्या मेंदूतून हा अमीबा वेगळा केला सीडीसी या अटलांटातल्या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेतले गोविंद विश्वेश्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. नावातला 'मँड्रिलारिस' तिथूनच आला. पुढे गोरिला, घोडा, मेंढी, कुत्रा यांच्यातही तो सापडला.

आवेचा अमीबा डोळ्यात जातो का?

नाही म्हटलं तरी चालेल. एंटअमीबा हिस्टोलिटिका आतड्यातून यकृतात, क्वचित फुफ्फुसात किंवा मेंदूत जातो. डोळा त्याच्या वाटेवर येत नाही.

माझ्या म्हशीच्या डोळ्यात फूल पडलंय. अमीबा असेल का?

बहुधा नाही. गायी-म्हशींत फूल पडण्याची, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग येण्याची, नेहमीची कारणं वेगळी आहेत.

डोळे येण्याची साथ असेल तर मोरॅक्सेला बोव्हिस हा बॅक्टेरिया असतो. माश्या तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात आणि वासरांना जास्त त्रास होतो. पाणी गळतं, डोळा मिटलेला राहतो, मग बुबुळाच्या मधोमध पांढरा ठिपका येतो. ताप, अशक्तपणा, चक्कर आणि सोबत डोळा पांढरा असेल तर सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार आठवावा. तो गोमाशीमुळे पसरतो आणि त्यातही कॉर्निया धूसर होतो. कडब्याचं कुसळ किंवा उसाचं पात लागून झालेली जखम तर रोजची. अशा जखमेत बॅक्टेरिया आणि बुरशी आधी येतात, अमीबाचा नंबर फार मागे.

डॉक्टर आले की ते डोळ्याला नारिंगी रंगाची एक कागदी पट्टी टेकवतात. रंग पसरतो, आणि जिथे कॉर्निया सोललेला असतो तिथे हिरवा डाग चमकतो. व्रण आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं आणि औषध त्यावर ठरतं. त्याआधी घरचे उपाय नकोत. काही ठिकाणी तंबाखू चावून डोळ्यात फुंकतात किंवा मीठ टाकतात. त्याने पाणी येतं, डोळा धुतल्यासारखा वाटतो आणि ओरखडा मोठा होतो.

घोड्याच्या डोळ्यात पांढरं काहीतरी वळवळताना दिसतंय!

तो अमीबा नाही. अमीबा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. हा सेटारिया जातीचा जंत असण्याची शक्यता जास्त, डास त्याची पिल्लं सोडतात. पशुवैद्य भूल देऊन तो बाहेर काढतात. थांबू नका.

लाल डोळ्यात घरातला स्टेरॉइडचा ड्रॉप घातला तर?

घालू नका, जनावराच्याही आणि स्वतःच्याही. चायनीज हॅमस्टरवरच्या प्रयोगात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या थेंबांनी अकँथामीबाचा आजार बळावला. प्रयोगशाळेत याच औषधाच्या सान्निध्यात सिस्टमधून अमीबा बाहेर पडायला आणि वाढायला चालना मिळते, असंही दिसलं. म्हणजे एकीकडे शरीराची फौज झोपवायची आणि दुसरीकडे लपलेल्या शत्रूला जागं करायचं. वाईट म्हणजे पहिले दोन दिवस लाली कमी होते, त्यामुळे माणूस खूश होतो आणि बाटली संपेपर्यंत थांबत नाही. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय हे ड्रॉप मिळतात, ही गोष्ट मला आजाराइतकीच गंभीर वाटते.

एकदा बरा झालेला प्राणी पुन्हा आजारी पडतो का?

पडतो. डुकरांमध्ये कॉर्नियाचा आजार बरा झाल्यावर परत लागण करता आली. आजार कॉर्नियापुरता राहिला तर शरीराला त्याची नीट आठवणच राहत नाही.

उलट, अमीबाची प्रथिनं तोंडावाटे दिलेल्या प्राण्यांच्या अश्रूंत आयजीए प्रतिपिंडं तयार झाली आणि त्यांना आजार कमी झाला. एमआयपी-१३३ तोंडावाटे देऊनही हा परिणाम मिळाला. ही प्रतिपिंडं अमीबाला मारत नाहीत, त्याची कॉर्नियावरची पकड बसू देत नाहीत. बाजारात अशी लस नाही, प्राण्यांसाठी नाही आणि माणसांसाठीही नाही.

निदान कसं करतात?

कॉर्निया खरवडून घेतलेला अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कॅल्कोफ्लुअर व्हाइट हा रंग लावला की सिस्टची कवचं उजळून दिसतात. पीसीआरही होतो.

पण मला अजून आवडते ती जुनी पद्धत. अगरच्या बशीत पोषण काहीच घालत नाहीत, फक्त वर ई. कोलाय बॅक्टेरियांचा पातळ लेप देतात आणि मध्ये नमुना ठेवतात. एक-दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की लेपातून वळणावळणाच्या वाटा बाहेर निघालेल्या दिसतात. अमीबा बॅक्टेरिया खात पुढे गेलेला असतो. वाटेच्या टोकाचा अगरचा तुकडा कापून नव्या बशीत उपडा ठेवला की तिथेही वाढ सुरू.

उपचार आहे का?

डोळ्यावर आहे, पण चिकाटीचा. पीएचएमबी आणि क्लोरहेक्सिडिन हे थेंब ०.०२ टक्के प्रमाणात सुरुवातीला तासातासाला आणि पुढे महिनोन् महिने घालावे लागतात. सिस्ट मरेपर्यंत थांबून चालत नाही. दर तासाला थेंब घालू देणारं मांजर कोणाकडे असेल तर त्याचं अभिनंदन. मेंदूपर्यंत गेलेली लागण प्राण्यांत बहुधा शवविच्छेदनातच कळते.

म्हैस डबक्यात डुंबते, कुत्रा तळ्यात उड्या मारतो. बंद करू का?

म्हशीला डुंबू द्या, उन्हाळ्यात ती तिची गरज आहे. नेग्लेरियाने गुरं मेल्याच्या नोंदी कॅलिफोर्निया आणि कोस्टा रिकातून आहेत, पण तुरळक. पाणी पिऊन हा आजार होत नाही. दूषित पाणी नाकात जोरात शिरलं तर धोका असतो, आणि नेग्लेरियाला कोमट, साचलेलं पाणी आवडतं. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात आटत आलेल्या गाळाच्या डबक्यात कुत्र्याला काठी फेकून आणायला लावू नका. डोळ्याला ताजी जखम असलेलं जनावर मात्र बरं होईपर्यंत डबक्यापासून लांब ठेवा आणि डोळा धुवायला निर्जंतुक सलाईन वापरा.

आणि माणसांना?

जनावरापासून लागत नाही. भारतात कॉर्नियाच्या या आजाराचे बहुतेक रुग्ण लेन्स न वापरणारे असतात. डोळ्याला मार लागणं, धूळ-माती जाणं, घाण पाण्याने डोळे धुणं ही त्यांची कारणं. गोठ्यात काम करताना डोळ्यात काही गेलं तर गुरांच्या हौदातलं पाणी मारू नका. लेन्स आणि तिची डबी नळाच्या पाण्याने धुवू नका.

प्रयोगशाळेत नमुना कसा पाठवायचा?

अमीबाची शंका आहे हे कागदावर लिहा. नाहीतर प्रयोगशाळा बॅक्टेरिया आणि बुरशीचं कल्चर लावून मोकळी होते. कॉर्नियाचा खरवडलेला अंश निर्जंतुक सलाईनच्या अगदी थोड्या थेंबांत, त्याच दिवशी पोहोचेल असा द्या. मेंदू किंवा मेंदूभोवतीच्या द्रवात जिवंत नेग्लेरिया पाहायचा असेल तर नमुना फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने त्याची हालचाल थांबते आणि तो साध्या पेशीसारखा दिसायला लागतो. मेलेल्या जनावराचे अवयव असतील तर दोन भाग करा: एक फॉर्मॅलिनमध्ये, काप पाहण्यासाठी, आणि एक तसाच, कल्चर आणि पीसीआरसाठी. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं तर कल्चरचा मार्ग तिथेच संपतो.